इसेन्शियल ट्रेमर: निदानापासून रोजच्या कामांपर्यंत

चहाचा कप ओठांपर्यंत नेताना हात थरथरू लागला, सही पूर्वीसारखी येईना, किंवा आरतीचे तबक ओवाळताना निरांजन खडखडू लागले, की घरातले कोणीतरी ‘कंपवात’ म्हणते आणि तिथून पुढे सगळे घर पार्किन्सनच्या धास्तीत जगू लागते. वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा, नवापुरा या भागांतल्या मराठी कुटुंबांत मी हे अनेकदा पाहिले आहे. आमच्या घरात वडिलांना आणि आत्यांना हाच त्रास असल्यामुळे तो जवळूनही पाहिला आहे. प्रत्यक्षात हातांच्या अशा थरथरीमागे इसेन्शियल ट्रेमर हा निराळा विकार असण्याची शक्यता बरीच असते, कारण तो पार्किन्सनपेक्षा कितीतरी अधिक लोकांमध्ये आढळतो. एकूण लोकसंख्येत सुमारे 1 टक्का आणि पासष्टी ओलांडलेल्यांत सुमारे 5 टक्के, असे त्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे मानले जाते.

या विकाराने आयुष्य धोक्यात येत नाही, आणि म्हणूनच ‘काही विशेष नाही, वयाचे आहे’ असे सांगून पुष्कळदा रुग्णाला घरी पाठवले जाते. ते मला मान्य नाही. ज्या माणसाला चारचौघांत जेवायला बसण्याचा संकोच वाटू लागला आहे, त्याच्या दृष्टीने ते विशेषच आहे. नव्याने हा त्रास लक्षात आलेल्यांनी आधी निदान पक्के करून घ्यावे. त्यानंतर थरथर शून्यावर आणण्याच्या मागे न लागता आपली नेमकी कोणती कामे अडली आहेत ते ठरवावे आणि उपचार त्या कामांच्या मापाने तोलावेत. पुढचे सगळे टप्पे याच विचाराने मांडले आहेत.

आधी घरी निरीक्षण करा

हात थरथरतो का, यापेक्षा तो केव्हा थरथरतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे. खुर्चीत बसून दोन्ही हात मांडीवर सैल सोडा आणि एक मिनिट गप्पा मारत राहा. नंतर दोन्ही हात छातीच्या उंचीवर समोर ताठ धरा. शेवटी पाण्याने अर्धे भरलेले फुलपात्र उचलून ओठांपर्यंत न्या. इसेन्शियल ट्रेमरमध्ये पहिल्या स्थितीत हात बहुधा शांत असतो, दुसऱ्या स्थितीत थरथर दिसू लागते आणि तिसऱ्या स्थितीत, विशेषतः ओठ जवळ आल्यावर, ती वाढते. पार्किन्सनमध्ये बहुतेक वेळा याच्या उलट घडते: मांडीवर विसावलेला हात अंगठा व तर्जनी यांच्यात गोळी वळावी तसा हलतो आणि काही उचलायला गेले की तेवढ्यापुरता थांबतो. इसेन्शियल ट्रेमर साधारणपणे दोन्ही हातांत असतो, मग एका हातात थोडा कमी आणि दुसऱ्यात थोडा जास्त का असेना. पार्किन्सन सहसा एका बाजूने सुरू होतो आणि त्याबरोबर हालचालींतला मंदपणा, सांध्यांतला ताठरपणा, चालताना एक हात न हलणे अशी लक्षणे येतात. मान ‘नाही नाही’ किंवा ‘हो हो’ म्हटल्यासारखी हलणे आणि आवाज कापणे हे इसेन्शियल ट्रेमरमध्ये दिसते. पार्किन्सनमध्ये हनुवटी किंवा ओठ थरथरतात.

अक्षरावरूनही बरेच कळते. पार्किन्सनमध्ये ओळ पुढे सरकते तसे अक्षर बारीक होत जाते. इसेन्शियल ट्रेमरमध्ये अक्षर बारीक होत नाही, उलट मोठे आणि कोनाकोनांचे होते. अनुस्वार जागेवर पडत नाही आणि शिरोरेघ दातेरी दिसते. डॉक्टर एका चित्रावर फार भर देतात आणि ते घरीही काढता येते: कोऱ्या कागदाच्या मध्यातून सुरू करून बाहेरच्या बाजूला मोठी होत जाणारी चकली काढायची. मनगट आणि कोपर टेबलाला टेकवायचे नाही, नाहीतर थरथर दबते आणि चित्र खोटे येते. आधी उजव्या हाताने, मग डाव्या हाताने काढून बाजूला तारीख, वेळ आणि चहा किती वेळापूर्वी घेतला होता ते लिहावे. चकलीची रेघ कोणत्या दिशेने जास्त नागमोडी होते हे अनुभवी न्यूरोलॉजिस्ट कागदाकडे पाहताच ओळखतात. दर तीन-चार महिन्यांनी त्याच जाडीच्या पेनने अशी चकली काढून ठेवली, तर औषधाचा फरक पडतो की नाही हे आठवणीवर अवलंबून राहत नाही. त्याबरोबर मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओही घ्यावा, कारण दवाखान्यात धास्तीने थरथर वाढते, किंवा नेमकी त्याच दिवशी कमी असते.

औषधांची पिशवी उघडा

हा टप्पा लोक गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फायदा इथेच दडलेला असतो. आपण सध्या घेत असलेली सगळी औषधे, अगदी गॅसची कॅप्सूल आणि चक्करची गोळीसुद्धा, एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवावीत. दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल, थिओफायलिनच्या गोळ्या, फिट्ससाठी किंवा मायग्रेनसाठी दिले जाणारे व्हॅल्प्रोएट, लिथियम, हृदयाची लय सांभाळणारे अमिओडॅरोन, स्टेरॉइड, नैराश्यावरची बरीच औषधे आणि गरजेपेक्षा जास्त झालेला थायरॉक्सिनचा डोस, या सर्वांनी हात थरथरू शकतात.

दुसरा गट अधिक फसवा आहे, कारण त्याने पार्किन्सनसारखी लक्षणे उमटतात. चक्कर येण्यावर दिली जाणारी सिनारिझिन व प्रोक्लोरपेराझिन, मायग्रेनसाठीची फ्लुनारिझिन, उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड आणि ॲसिडिटीच्या अनेक जोडगोळ्यांत असणारी लेव्होसल्पिराइड ही ती औषधे. शेवटचे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. केमिस्टकडून ‘गॅसची कॅप्सूल’ म्हणून आणलेले औषध लोक महिनोन्महिने घेत राहतात. त्यात हे असेल तर हात थरथरणे, चाल मंदावणे आणि चेहरा निर्विकार होणे असा पार्किन्सनचा आभास निर्माण होऊ शकतो, आणि ते औषध बंद केल्यावर बहुतेकांची लक्षणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. तरीही वरीलपैकी कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये. कोणते सोडता येईल, कोणते बदलता येईल आणि कोणते हळूहळू कमी करावे लागेल हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

चहा-कॉफीबाबत साधा प्रयोग पुरेसा आहे. दोन आठवडे चहा अर्ध्यावर आणून पाहावे. काहींना स्पष्ट फरक जाणवतो, काहींना अजिबात नाही. ज्यांना जाणवत नाही त्यांनी स्वतःला उगीच चहापासून वंचित ठेवू नये.

डॉक्टरांकडे जाताना

सुरुवात नेहमीच्या फिजिशियनपासून करावी आणि निदानासाठी एकदा तरी न्यूरोलॉजिस्टला दाखवावे. खासगी तपासणी परवडत नसेल तर वडोदऱ्यातल्या सयाजी रुग्णालयात किंवा गोत्रीच्या सरकारी रुग्णालयात मेडिसिनच्या ओपीडीचा केसपेपर काढून तिथून पुढे पाठवण्याची विनंती करता येते. इसेन्शियल ट्रेमर सिद्ध करणारी रक्ताची कोणतीही चाचणी नाही. थायरॉइड, साखर, यकृत, मूत्रपिंड आणि कॅल्शियम यांच्या चाचण्या इतर कारणे बाजूला काढण्यासाठी असतात. एमआरआय बहुधा नॉर्मल येतो आणि प्रत्येकाला त्याची गरजही नसते. पार्किन्सन की इसेन्शियल ट्रेमर, असा पेच सुटत नसेल तर मेंदूतील डोपामिनची, म्हणजे पार्किन्सनमध्ये कमी पडणाऱ्या रसायनाची, यंत्रणा दाखवणारा स्कॅन काही वेळा सुचवला जातो. रुग्ण चाळिशीच्या आतला असेल तर विल्सन रोगाची शंका दूर करणे आवश्यक आहे. या रोगात शरीरात तांबे साठत जाते, रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन, चोवीस तासांच्या लघवीतील तांबे आणि डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी यांतून तो ओळखता येतो आणि वेळेवर सापडला तर त्यावर प्रभावी उपचार आहेत.

2018 मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रसिद्ध केलेल्या व्याख्येनुसार दोन्ही हातांत हालचालीच्या वेळी येणारी थरथर किमान 3 वर्षे असावी आणि त्याबरोबर मज्जासंस्थेच्या इतर आजाराची स्पष्ट लक्षणे नसावीत. त्यामुळे सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या त्रासावर डॉक्टर ठाम शिक्का मारत नसतील, तर तो त्यांचा टाळाटाळीपणा समजू नये.

डॉक्टर घराण्याविषयी विचारतील. सुमारे निम्म्या किंवा त्याहून अधिक रुग्णांच्या जवळच्या नात्यात हा त्रास असतो, आणि अशा घराण्यांत आईला किंवा वडिलांना तो असेल तर प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता साधारण निम्मी धरली जाते. ‘आजोबांचेही हात कापत होते’ ही आठवण म्हणून उपयोगी असते. जाण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे.

एक प्रश्न मात्र वडोदऱ्यात अवघड होऊन बसतो. थोडे मद्य घेतल्यावर थरथर कमी होते का, असे डॉक्टर विचारतात, कारण इसेन्शियल ट्रेमरच्या अनेक रुग्णांत तसे खरोखर घडते आणि निदानाला त्याची मदत होते. गुजरातेत दारूबंदी असल्याने आणि शेजारी सासूबाई किंवा सून बसलेली असल्याने रुग्ण सरळ उत्तर देत नाही. डॉक्टर हे केवळ वैद्यकीय कारणासाठी विचारतात हे जाणून खरे ते सांगावे, आणि कधी घेतलेच नसेल तर तसे सांगावे. त्यावाचून निदान अडत नाही, आणि तपासून पाहण्यासाठी म्हणून घेण्याचे तर काहीच कारण नाही. तो परिणाम काही तासांपुरता असतो, तो ओसरल्यावर थरथर पूर्वीपेक्षा वाढते, आणि त्यावर विसंबणाऱ्याला व्यसन लागण्याचा धोका राहतो.

थरथर अचानक, काही मिनिटांत किंवा तासांत सुरू झाली, एका बाजूची शक्ती गेली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळू लागले, तर निरीक्षण वगैरे काही न करता 108 वर फोन करून रुग्णालय गाठावे. तो हा विकार नव्हे.

अडलेली तीन कामे लिहा

मेंदूतील छोटा मेंदू, थॅलॅमस (मेंदूच्या मध्यभागी असलेले, संदेश पुढे पाठवणारे केंद्र) आणि हालचालींचे नियंत्रण करणारा पृष्ठभाग यांना जोडणाऱ्या वर्तुळात एक नको असलेली लय तयार होते आणि ती सेकंदाला साधारण 4 ते 12 वेळा स्नायूंपर्यंत पोहोचते, असे आज समजले जाते. ही लय कायमची थांबवणारे औषध उपलब्ध नाही. म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वी आपली अडलेली तीन कामे कागदावर लिहावीत: उदाहरणार्थ, चेकवर सही, आमटी-भात चमच्याने खाणे, डोळ्यांत थेंब घालणे. आमच्या आत्यांनी पहिल्या क्रमांकावर ‘पाहुण्यांपुढे चहाचा ट्रे नेणे’ असे लिहिले होते आणि त्यांच्या बाबतीत तेच योग्य होते. दोन महिन्यांनी हात किती हलतो हे न विचारता ही तीन कामे जमतात का, एवढेच पाहावे. कोणतेच काम अडत नसेल तर औषध न घेणे हाही पूर्णपणे योग्य निर्णय आहे.

औषधे

पहिल्या फळीत दोन औषधे आहेत. प्रोप्रॅनोलॉल हे मुळात हृदयासाठी 1960 च्या दशकात तयार झालेले औषध. त्यामागच्या संशोधनाचा 1988 साली जेम्स ब्लॅक यांना मिळालेल्या नोबेल पुरस्कारात वाटा होता. थरथरीसाठी ते छोट्या डोसने सुरू करून नाडी व रक्तदाब पाहत वाढवले जाते. दिवसाला 60 ते 320 मिलिग्रॅमपर्यंत ते दिले जाते, मात्र वयस्कर माणसांत डॉक्टर खूप आधीच थांबतात. दमा असलेल्यांना ते देत नाहीत, तसेच नाडी मुळातच मंद असणाऱ्यांना किंवा ‘हार्ट ब्लॉक’ (हृदयातील विद्युतसंदेशांच्या वाटेत अडथळा) असणाऱ्यांनाही. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: साखर एकदम उतरली की होणारी छातीतली धडधड या औषधामुळे जाणवेनाशी होते, घाम मात्र येतो, तेव्हा कारण नसताना घाम सुटला तर साखर तपासावी. हे औषध एकाएकी बंद करू नये, हृदयविकार असलेल्यांनी तर मुळीच नाही. लग्नकार्य, भाषण किंवा मुलाखत यांच्यासाठी सुमारे तासभर आधी छोटा डोस घेण्याची पद्धतही आहे, पण ती डॉक्टरांनी आपल्याला आखून दिलेली असली पाहिजे.

दुसरे औषध प्रिमिडोन, मुळात फिट्सवरचे. त्याची पहिली एक-दोन रात्रींची गोळी काहींना फार जड जाते: मळमळ, गुंगी, तोल जाणे. म्हणून ते अगदी कमी, बहुधा 25 मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी मात्रेने आणि रात्री झोपताना सुरू करतात. पहिल्या रात्री वृद्ध व्यक्तीला एकटीला स्नानगृहात जाऊ देऊ नये. सुरुवातीचा हा त्रास पुष्कळांत काही दिवसांत निवळतो, त्यामुळे पहिल्याच सकाळी औषध फेकून देण्याऐवजी डॉक्टरांना फोन करावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि गर्भनिरोधक गोळ्या यांचा परिणाम प्रिमिडोनमुळे कमी होऊ शकतो. गर्भधारणेचा विचार असेल तर ते आधीच सांगावे.

या औषधांनी ज्यांना गुण येतो त्यांची थरथर सरासरीने निम्म्याच्या आसपास उतरते, आणि बऱ्याच जणांना पुरेसा गुण येतही नाही. एकाने भागले नाही तर दोन्ही एकत्र देता येतात. टोपिरामेट, गॅबापेंटिन किंवा काही मोजक्या परिस्थितींत क्लोनाझेपाम यांचाही विचार होतो. टोपिरामेट घेणाऱ्यांनी पाणी भरपूर प्यावे, कारण त्याने मुतखडा होऊ शकतो. मान आणि आवाज यांची थरथर गोळ्यांना फारशी दाद देत नाही. तिथे स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनांचा उपयोग होतो, पण ती या कामात मुरलेल्या हाताकडूनच घ्यावीत, कारण गिळण्याला किंवा मानेच्या स्नायूंना तात्पुरती दुर्बलता येऊ शकते.

आपल्याकडे कंपवातावर म्हणून कवचबीजाचे (खाजकुयलीच्या बियांचे) चूर्ण आवर्जून सुचवले जाते. या बियांत लेव्होडोपा असते, म्हणजे पार्किन्सनच्या गोळ्यांत असते तेच द्रव्य. इसेन्शियल ट्रेमर लेव्होडोपाला दाद देत नाही, त्यामुळे या विकारात त्या चूर्णाने लाभ होण्याचे कारण नाही आणि इतर औषधांशी त्याचा विरोध होण्याची शक्यता मात्र राहते. आयुर्वेदिक उपचार चालू असतील तर तेही त्या पिशवीत ठेवावेत.

घरातली आणि बाहेरची व्यवस्था

थरथर हाताच्या टोकाला सर्वांत जास्त असते, म्हणून हात शरीराजवळ आणि टेकलेला ठेवणे हे सगळ्या युक्त्यांचे मूळ आहे. चहा पिताना दोन्ही कोपरे टेबलावर टेकवावीत, कप दोन्ही हातांत धरावा आणि कप उचलून तोंडाकडे नेण्याऐवजी मानेने थोडे पुढे वाकावे. कप अर्धाच भरावा आणि दुसऱ्यांदा मागून घ्यावा. बशीत ओतून पिण्याची सवय सोडावी लागते, कारण उथळ आणि रुंद भांड्यातून सगळ्यात आधी सांडते. हलका कागदी कप सगळ्यात वाईट. जाड बुडाचा, मोठ्या कानाचा मग किंवा पितळेचे जड फुलपात्र अधिक स्थिर राहते. वडील रात्रपाळीनंतर ज्या गाड्यावर सेव-उसळ खात, तिथे ते अजूनही जातात. फक्त उभ्याने न खाता भिंतीकडचे टेबल पकडतात, तर्री वेगळ्या वाटीत घेतात, उसळीत पाव कुस्करून घट्टसर करतात आणि स्टीलचा खोलगट चमचा घरून नेतात. प्लास्टिकच्या चपट्या चमच्यावरची शेव तोंडापर्यंत पोहोचत नाही.

स्वयंपाकघरात उकळते पदार्थ ओतण्याचे टाळून डावाने काढून घ्यावेत. सांडशीने भरलेले पातेले उचलणे धोक्याचे आहे. दोन्ही बाजूंना पक्के कान असलेले भांडे घ्यावे, गॅस बंद करून ते ओट्यावरच ठेवावे आणि वाढायची भांडी त्याच्याजवळ आणावीत. फोडणीचे पळे हातात धरून आमटीत ओतण्याऐवजी फोडणी पातेल्यातच आधी करावी. विळीपेक्षा दोरी ओढून चालणारा चॉपर सुरक्षित. गणपतीत कळ्या पाडून मोदक वळणे जमत नसेल तर साचा वापरावा आणि सारण भरण्याचे काम आपल्याकडे ठेवावे. कामातून पूर्ण बाजूला होणे कोणालाच मानवत नाही. आरती ओवाळताना तबकाऐवजी लाकडी मुठीची जड पंचारती घेतली तर ती दोन्ही हातांनी धरता येते.

दाढीसाठी ब्लेडऐवजी विजेवर चालणारे यंत्र वापरावे. मंगळसूत्राला चुंबकाचा फासा बसवून घ्यावा, पण हृदयात पेसमेकर किंवा मेंदूत उपकरण बसवलेले असेल तर चुंबक टाळावा. डोळ्यांत थेंब घालताना आडवे पडून, हाताची कड कपाळावर टेकवून बाटली धरावी. लिहिण्यासाठी जाड पेन आणि किंचित खरखरीत कागद बरा. मोबाइलच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये स्पर्शाला प्रतिसाद देण्याचा अवधी वाढवता येतो, म्हणजे बोट चुकून दोनदा लागले तरी घोटाळा होत नाही. मराठीत बोलून टाइप करण्याची सोयही तिथेच चालू करता येते. मनगटावर बांधायची हलकी वजने काहींना उपयोगी पडतात, काहींना त्यांनी हात लवकर थकून उलट त्रास होतो. विकत घेण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टकडे वापरून पाहावीत.

थकवा, जागरण, भूक आणि मनावरचा ताण यांनी थरथर हमखास वाढते, आणि ताणातला सर्वांत मोठा वाटा ती लपवण्याच्या धडपडीचा असतो. दारूबंदीच्या राज्यात हात थरथरणाऱ्या माणसाकडे लोक संशयानेही पाहतात. यावर मला एकच उपाय परिणामकारक वाटतो: ‘माझे हात मज्जातंतूंच्या त्रासामुळे थरथरतात, घराण्यात आहे’ हे वाक्य आधीच, सहज स्वरात सांगून टाकावे. समोरच्याची नजर हातावरून हटते आणि हातही थोडा निवळतो.

सही, पेन्शन, परीक्षा

सही जुळत नाही म्हणून चेक परत येण्यापूर्वीच शाखेत जाऊन नमुना सही नव्याने द्यावी, आणि ती सोपी, एका झटक्यात येणारी असावी. ज्या वृद्ध किंवा आजारी खातेदाराला सही करता येत नाही त्याच्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत: दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखलेला अंगठ्याचा ठसा बँकेने स्वीकारायचा असतो, त्या साक्षीदारांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. पेन्शनरांना हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’द्वारे देता येतो आणि 2021 पासून त्यात चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय असल्यामुळे बोट यंत्रावर स्थिर ठेवण्याची कसरत उरत नाही.

हा विकार विशी-तिशीतही सुरू होतो, त्यामुळे परीक्षा देणाऱ्यांनी पुढची गोष्ट माहीत करून घ्यावी. लेखनिकाचा हक्क फक्त 40 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांपुरता मर्यादित नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकाश कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात दिला. अर्जदाराला हाताने लिहिताना अडथळा आणणारा विकार होता. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये केंद्र सरकारने, 40 टक्क्यांहून कमी अपंगत्व पण लिहिण्यात अडचण असणाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातले वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, तेव्हा अर्ज भरण्याच्या आधीच सरकारी रुग्णालयातून ते मिळवण्याची खटपट सुरू करावी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचे नाव आहे, इसेन्शियल ट्रेमरचे वेगळे नाव नाही. दीर्घकालीन मज्जाविकारांच्या शीर्षकाखाली अर्ज करता येतो आणि निर्णय वैद्यकीय मंडळाचा असतो.

औषधांनी भागले नाही तर

योग्य मात्रेत औषधे घेऊनही जेवणे-लिहिणे अशक्यच राहिले असेल, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार होतो. डीप ब्रेन स्टिम्युलेशनमध्ये थॅलॅमसच्या एका विशिष्ट भागात बारीक तार बसवून छातीच्या त्वचेखालच्या यंत्रातून विद्युतस्पंदने दिली जातात. फ्रान्समधील ग्रनोबल येथे 1987 साली या पद्धतीची आधुनिक सुरुवात झाली आणि अमेरिकेत 1997 मध्ये या विकारासाठी तिला मान्यता मिळाली. तिचा जोर नंतर कमी-जास्त करता येतो, दोन्ही बाजूंना करता येते. पण कवटीला छिद्र पाडावे लागते, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांचा थोडा धोका असतो, काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते आणि खर्च लाखांत जातो. दुसऱ्या पद्धतीत एमआरआयमध्ये झोपवून अल्ट्रासाउंडच्या अनेक लहरी त्याच भागावर एकवटून तिथे छोटी जखम केली जाते. चीर द्यावी लागत नाही, मात्र डोक्याचे केस पूर्ण काढतात, कवटीच्या हाडाची ठेवण योग्य असावी लागते आणि झालेला बदल परत फिरवता येत नाही. अमेरिकेत 2016 मध्ये तिला एका बाजूसाठी आणि 2022 मध्ये, काही काळाच्या अंतराने, दुसऱ्या बाजूसाठी मान्यता मिळाली. दोन्ही पद्धतींत बोलणे जड होणे, तोल जाणे, बोटांत बधिरता येणे हे परिणाम संभवतात. सल्ला घेताना आपण लिहिलेली तीन कामे डॉक्टरांपुढे ठेवून, यांपैकी कोणते काम जमण्याची शक्यता किती, आणि त्यांच्या स्वतःच्या केंद्रात अशा किती शस्त्रक्रिया झाल्या, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.

पुढची वर्षे

हा विकार बहुतेकांत वर्षानुवर्षे सावकाश वाढतो. त्यामुळे वर्षातून एकदा तरी न्यूरोलॉजिस्टकडे फेरी ठेवावी, आणि विसावलेला हातही थरथरू लागला, पावले लहान पडू लागली, वास येईनासा झाला किंवा अंग ताठरले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवावे. काही रुग्णांत कालांतराने पार्किन्सनची भर पडते आणि तेव्हा उपचार बदलतात. दुसऱ्या कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी, दात काढण्यापूर्वीसुद्धा, प्रोप्रॅनोलॉल किंवा प्रिमिडोन चालू असल्याचे सांगावे. मान हलत असेल तर मोतीबिंदूच्या डॉक्टरांना ते तपासणीच्या पहिल्या भेटीतच सांगावे, कारण डोके स्थिर ठेवण्याची आणि भूल देण्याची पद्धत त्यांना त्याप्रमाणे आधी ठरवावी लागते.